चौतीस टक्के

“काका, यातलं नेमकं खोटं काय आहे?” क्षितिजने विचारलं, आणि विश्वनाथ देवस्थळींना एकदम राग आला. या पोराला त्यांनी हॅगली पार्कमध्ये सायकल शिकवली होती, सीट धरून मागे धापा टाकत धावले होते, आणि आज तो रिकर्टनमधल्या एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर वकील म्हणून स्वतःच्या नावाच्या पाटीखाली बसून त्यांना विचारत होता, की तुम्हाला दुखतंय ते नेमकं कुठे. टेबलावर मराठी शाळेत शिकवणाऱ्या निवेदिताचा मेसेज छापून ठेवला होता. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरचा; ही शाळा दर रविवारी विश्वनाथांच्या हॉलमध्ये भरायची. ‘सर्वांना नमस्कार. शाळेचा हॉल भूकंपाच्या तपासणीत नापास झाला आहे. चौतीस टक्के. मुलांना पाठवायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.’ त्याखाली क्षितिजने केलेलं इंग्रजी भाषांतर होतं, आणि इंग्रजीत ते सगळं फारच सभ्य दिसत होतं. वाचून कुणाची झोप उडावी असं त्यात काही राहिलं नव्हतं.

“सगळंच खोटं आहे,” विश्वनाथ म्हणाले.

“सगळं नाही ना पण. चौतीस टक्के, ते ट्रू आहे. इंजिनिअरच्या रिपोर्टमध्येच आहे. ज्याचं त्याने ठरवावं, ते स्टेटमेंटच नाही, सल्ला आहे. म्हणजे राहिला एकच शब्द.”

“नापास! तेच तर म्हणतोय मी. अरे, नव्या इमारतीच्या मजबुतीच्या चौतीस टक्क्यांच्या खाली असेल तर इमारत धोकादायक ठरते, मग दारावर नोटीस लावावी लागते. आपल्याला चौतीस आहेत. कायद्याने हॉल पास आहे.”

“मग तिने नापास का लिहिलं?”

का लिहिलं ते विश्वनाथांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मराठी माणूस पृथ्वीच्या बुडाशी येऊन राहिला तरी त्याच्या डोक्यात पास होण्याची रेघ पस्तीसवरच मारलेली असते. चौतीस म्हटलं की त्याला पुढचं काही ऐकावंच लागत नाही. परीक्षा कुठली, पेपर कोणी काढला, तपासणारा कोण, इथे रेघ कुठे मारली आहे, काही नाही. एका मार्काने गेला बिचारा, एवढंच त्याला कळतं, आणि चेहऱ्यावर आधीच तयार असलेली कीव येऊन बसते.

क्षितिज खुर्चीत मागे रेलला. “हे बघा काका. खोटं आहे हे तुम्ही प्रूव्ह करायचं नाहीये. खरं आहे हे तिने दाखवायचं. पण त्याच्या आधी प्रश्न येतो की त्या वाक्याचा अर्थ काय. आणि अर्थ म्हणजे तिच्या मनात काय होतं ते नाही. साधा माणूस ते वाचून काय समजला, ते. आता वाचणारे सगळे आपलेच. काय समजले ते? एक म्हणजे, हॉल कायद्याच्या टेस्टमध्ये फेल झाला. ते फॉल्स आहे, आपण जिंकतो. किंवा दुसरं, की त्या हॉलमध्ये मुलांना बसवणं सेफ नाही. तसं धरलं तर तिचा वकील इंजिनिअरला उभा करणार आणि विचारणार, नव्या इमारतीपेक्षा इथे रिस्क किती जास्त? शब्दन् शब्द खरा असायची गरज नसते, काका. त्यातला डंख खरा निघाला तरी पुरतं.”

“मग?”

“मग काय, आपण पहिलाच अर्थ धरायचा. आय जस्ट नीड टू हिअर इट फ्रॉम यू. तुम्ही स्वतः ते वाचलंत तेव्हा तुम्हाला काय समजलं?”

“माझी बदनामी केली, हे समजलं.”

“ते सगळेच म्हणतात,” क्षितिज हसला. “ड्राफ्ट घरी न्या, शांतपणे वाचा. सोमवारी हो म्हणा, मी पाठवून देतो. तिने ग्रुपवर लिहायचं की ते स्टेटमेंट फॉल्स होतं आणि माफी मागायची. नाही लिहिलं तर पुढे जाऊ. स्वीट अ‍ॅज, काही टेन्शन नाही.”

खाली आल्यावर गाडीत बसून त्यांनी किल्ली फिरवली नाही. वायव्येचा कोरडा, गरम वारा सुटला होता. हा वारा सुटला की या गावात सगळ्यांचीच डोकी फिरतात असं इथले लोक म्हणतात, आणि त्याच्यावर ढकलता येईल तेवढं त्याच्यावर ढकलतात. समोरच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, इथल्या भाषेत डेअरीच्या, दारातला आइसक्रीमचा फलक आडवा पडला होता. तुम्हाला काय समजलं, हा काय प्रश्न झाला? पण मनाची खोड अशी, की नको म्हटलेल्या ठिकाणीच ते आधी जातं. विश्वनाथांना तो मेसेज राहिला बाजूला, एप्रिलमधली ती सकाळ आठवायला लागली. ब्रेंट नावाचा तो इंजिनिअर गुडघ्यापर्यंत मोजे चढवून आला होता आणि शिडीवर चढून टॉर्चच्या उजेडात भिंतींचे जोड तपासत होता. पुढची लाकडी खोली त्याला पसंत पडली. ती हलेल, कुरकुरेल, पण माणसाच्या अंगावर यायची नाही, म्हणाला. मागचा मोठा हॉल काँक्रीटच्या ब्लॉकचा, एकेकाळचं लोकरीचं गोदाम. तिथल्या पाठच्या भिंतीपाशी तो बराच वेळ थांबला. भिंत आणि छप्पर जिथे एकमेकांना धरतात तिथे त्याने बोट लावून पाहिलं, आणि ते बोट त्याने खिशातल्या रुमालाला पुसलं, हे विश्वनाथांना उगाचच लक्षात राहिलं. मग काही दिवसांनी फोन आला. “थर्टी-फोर. यू आर ऑल राइट, मेट. नॉट अर्थक्वेक-प्रोन.” आणि त्या क्षणी, वूलस्टनच्या रस्त्यावर ट्रकांची ये-जा चालू असताना, विश्वनाथांना शाळेतला निकालाचा दिवस आठवला होता. बासष्ट वर्षांचा माणूस, पण कान पंधरा वर्षांचे. माणूस पास झालास म्हणून सांगत होता आणि यांना ऐकू येत होतं ते भलतंच. ब्रेंटला त्यांनी तीनतीनदा थँक्यू म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर पाणी प्यायले.

पुढच्या रविवारी शाळा सुटल्यावर चहाच्या टेबलाशी निवेदिता कप विसळत होती. तिने विचारलंही नव्हतं. विश्वनाथच म्हणाले, “आला बरं का रिपोर्ट. चौतीस मिळाले. एका मार्काने दांडी उडाली बघ.” आणि हसले. तीही हसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण माणूस थट्टेत म्हणतो ते काय विधान असतं? बोचलेली गोष्ट थट्टेत उडवायची ही त्यांची लहानपणापासूनची सवय. ती कोर्टात कशी समजावून सांगणार? क्षितिजला हे सांगितलेलं नव्हतं. विसरलो होतो, असं त्यांनी गाडीत बसून स्वतःला सांगून पाहिलं. ते काही पटलं नाही. मग त्यांनी गाडी सुरू केली.

मेसेज आला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, जुलैमध्ये, एका रविवारी लहानसा धक्का बसला त्या संध्याकाळी. तसे धक्के या गावाला नवीन नाहीत. कपबशा किणकिणतात, लोक बोलता बोलता थांबतात, छताकडे पाहतात आणि तोडलेलं वाक्य पुन्हा जोडतात. मागच्या हॉलमध्ये निवेदिता मुलांना बाराखडी शिकवत होती. मुलं शाळेत शिकवल्याप्रमाणे झटकन टेबलांखाली शिरली, कुणी हसत, कुणी रडत. निवेदिता खाली वाकली नव्हती म्हणे. ती पाठच्या भिंतीकडे पाहत उभी राहिली होती. रात्री ग्रुपवर तो मेसेज. सोमवारपासून फोन यायला लागले. काका, राग मानू नका हं, पण या वेळचा वाढदिवस आम्ही दुसरीकडे करतोय. मग भरतनाट्यमचा क्लास गेला. मग ज्यांचा मराठीशी काही संबंध नाही त्या फिलिपिनो लोकांचं गाणाऱ्यांचं मंडळ गेलं, कारण त्यांच्यातल्या एकीची मैत्रीण आपल्यातल्या एकीबरोबर नर्स होती. मराठी शाळा लायब्ररीच्या एका खोलीत गेली, तिथे मोठ्याने बोलता येत नाही. ज्या हॉलसाठी विश्वनाथांनी भूकंपानंतर गेलेल्या नोकरीची सगळी पुंजी ओतली, जो दिसला की लोक ‘देवस्थळींचा हॉल’ म्हणायचे, तो आता नुसता ‘तो चौतीसवाला’ झाला. लोक समोर तसं म्हणत नसत. समोर ते तब्येतीची चौकशी करत.

आणि लिहिणारी कोण, तर निवेदिता. हे जास्त लागलं होतं. परक्या माणसाने लिहिलं असतं तर विश्वनाथांनी दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. २०११ च्या त्या फेब्रुवारीत, मोठा भूकंप झाला तेव्हा, ती जळगावहून शिकायला येऊन जेमतेम बस्तान मांडत होती. त्या दुपारी विश्वनाथ गावाच्या मध्यभागी होते; डेअरीतून खायला एक मीट-पाय घेऊन नुकते रस्ता ओलांडत होते. पुढचं त्यांना सलग आठवत नाही. आवाज आठवतो, पायांखालून आलेला, आणि मग धूळ, आणि त्या धुळीत कोकलणारे गाड्यांचे भोंगे. ज्या फुटपाथवरून ते उतरले होते तो आता दिसत नव्हता. तिथे विटा होत्या. ते नदीच्या कडेने घरापर्यंत चालत आले, ऑफिसचे बूट घालून, आणि घरी पोचले तेव्हा त्या मीट-पायची कागदी पिशवी त्यांच्या मुठीत तशीच होती. पत्नी सरलाबाईंना ती त्यांच्या बोटांतून सोडवून घ्यावी लागली. अंगणात जमिनीतून करडा, ओला गाळ उफाळून आला होता, घेवड्याच्या शेंगांसाठी केलेला वाफा त्याखाली गाडला गेला होता. तिसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांची टोळी फावडी घेऊन रस्त्यावर आली, त्यात ही होती. उसने घेतलेले गमबूट, एक नंबर मोठे. गाळ उपसता उपसता सरलाबाईंनी कुणालातरी मराठीत हाक मारली ती ऐकून ही फावडं टाकून रडायलाच लागली. गॅसच्या छोट्या शेगडीवर केलेले पोहे तिने उकिडवं बसून खाल्ले. तेव्हापासून काका आणि काकू. तिचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांशी बोलायला विश्वनाथ गेले होते. अशी मुलगी आपल्याबद्दल जगाला लिहिते, आणि आधी एक फोनसुद्धा करत नाही!

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सरलाबाई मेथी निवडत होत्या आणि विश्वनाथ ड्राफ्ट वाचून दाखवत होते. इंग्रजी वाक्य वाचायचे आणि त्याचं मराठी करून सांगायचे. बदनामीकारक मजकूर, धंद्याचं नुकसान, समाजातली पत. सरलाबाई ऐकत होत्या. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

“तिचं डोहाळजेवण मी याच टेबलावर केलं,” त्या म्हणाल्या.

“त्याचा इथे काय संबंध?”

“काही नाही. वाचा पुढे.”

“‘सदर विधान असत्य आहे.’ झालं. एवढंच आहे. हे तिने मान्य करायचं.”

“असत्य म्हणजे हॉल चांगला आहे, असंच ना?”

“कायद्याने चांगला आहे. चौतीस आहेत त्याला.”

“मग ईशाला तुम्ही पुढच्या खोलीत का बसवत होतात?”

विश्वनाथांनी चष्मा काढला. ईशा म्हणजे त्यांची नात, त्यांची लेक कौमुदी हिची मुलगी, आठ वर्षांची. एप्रिलपासून शाळा बंद होईपर्यंत दर रविवारी ती त्यांच्याजवळ पुढच्या लाकडी खोलीत बसायची. नॅपकिनच्या घड्या घालायची, पावत्यांच्या मागच्या बाजूला घोडे काढायची. आजोबांची मदतनीस म्हणून तिला त्यांनी नावाचा बिल्लासुद्धा करून दिला होता. एक-दोनदा तिने विचारलं होतं, “आजोबा, व्हाय कान्ट आय गो इन द बिग रूम? एव्हरीवन्स इन देअर.” तेव्हा ते म्हणाले होते की तिकडे गार आहे, इथे ऊन येतं.

“तिथे ऊन येतं,” विश्वनाथ म्हणाले.

“ऊन येतं,” सरलाबाई म्हणाल्या, आणि मेथी धुवायला उठल्या.

रात्री ते लवकर झोपले, म्हणजे आडवे झाले. ऊन येतं हे खरंच होतं. कोणीही येऊन पाहावं. सकाळी दहापासून त्या खोलीत सतरंजीभर ऊन असतं आणि मागचा हॉल ओलसर, थंड. म्हणजे ते ईशाशी खोटं बोलले नव्हते. उन्हाचं वाक्य खरं, गारठ्याचंही खरं, आणि तरी ती दोन खरी वाक्यं त्यांनी एखाद्या पडद्यासारखी कशावर तरी ओढली होती, आणि ते काय हे त्यांनी स्वतःही वर करून पाहिलं नव्हतं. आपलं ठेवावं झाकून. पण भीती वाटणं म्हणजे काही पुरावा नव्हे, त्यांनी स्वतःला बजावलं. ज्याच्या समोर फुटपाथ नाहीसा झाला त्याला उभ्या आयुष्यात भिंतीची भीती वाटणारच. मॉलमध्ये ते खांबाजवळ बसतात, सिनेमाला कडेची खुर्ची घेतात. ती त्यांच्या अंगाची खोड. हॉलच्या भिंतीचा त्यात काय दोष? भिंतीला चौतीस आहेत, कायद्याने त्याला एक नाव आहे, आणि त्या नावाहून वेगळं काही बोलणं म्हणजे असत्य. हे सगळं त्यांनी अगदी मुद्देसूद मांडलं, जसं काही अंधारात समोर न्यायाधीश बसले आहेत, आणि न्यायाधीशांनी एकच विचारलं, की मग तुमच्या खोडीचा फायदा एकट्या ईशालाच का?

त्यावर त्यांना रमण आठवला. त्यांचा थोरला भाऊ. रमण दहावीला बीजगणितात गेला, साताऱ्यात, आणि वडील त्या दिवशी वर्तमानपत्राची घडी मोडून पुन्हा घालत बराच वेळ बसले होते. एवढंच झालं होतं. एक मुलगा एका विषयात नापास झाला. यातला शब्दन् शब्द खरा होता, पण गल्लीतून फिरून तो परत आला तेव्हा त्याचा अर्थ झाला होता की देवस्थळींचा थोरला वाया गेला. रमणने पुढे मोटारी रिवाइंड करायचं दुकान काढलं. त्याच्या बोटांत कला होती, लोक साखर कारखान्यांतून त्याला बोलावणी पाठवत. पण लग्नाकार्यात कुणी ओळख करून देताना आवाज जरासा खाली आणायचे. म्हणजे खरं बोलूनही लोकांनी त्याच्याबद्दल खोटंच पसरवलं होतं, आणि त्याला कुठल्या कोर्टात जाता आलं नसतं. लहानपणी विश्वनाथांना त्याचा फार संताप यायचा. आताही तोच संताप आपल्या बाजूने उभा करावा म्हणून ते अंथरुणात धडपडत होते. मीही रमणसारखाच. माझ्यावरही तसाच शिक्का मारला. पण ते जमेना. रमण त्या शिक्क्यापेक्षा चांगला होता हे त्यांना आतून माहीत होतं, हाडामांसात माहीत होतं. हॉलबद्दल आतून काय माहीत होतं, ते विचारायला गेलं की ब्रेंट रुमालाला बोट पुसताना दिसायचा.

शनिवारी दुपारी ते हॉलवर गेले, उगाच. कोणी येणार नव्हतं. मोठ्या हॉलच्या मध्यभागी उभं राहून त्यांनी टाळी वाजवली. रिकाम्या हॉलचा आवाज वेगळाच लागतो. पाठच्या भिंतीवर शाळेच्या मुलांनी काढलेले स्वर आणि व्यंजनं तशीच चिकटवलेली होती, ण च्या जागी कुणीतरी बाणाचं चित्र काढलं होतं. सोमवारी हो म्हणायचं. त्यांनी ठरवून टाकलं. क्षितिज म्हणतो तसा पहिला अर्थ धरायचा. त्यात काही खोटं नाही. निवेदिता माफी मागेल, लोक परत येतील, तेव्हा आपण थोडे पैसे जमवून भिंतीची ती गाठ पक्की करून घेऊ. मग सगळंच खरं होईल. फक्त मधला काही काळ जाऊ द्यायचा. असं ठरवल्यावर त्यांना बरं वाटलं, भूकसुद्धा लागली.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली, आणि निवेदिता आत आली. मागोमाग तिची सहा वर्षांची सलोनी, पायात जांडल्स, म्हणजे रबरी चपला. विश्वनाथ हॉलमधून पुढच्या खोलीत आले. इतक्या दिवसांत दोघं समोरासमोर आली नव्हती. निवेदिताचे डोळे सुजलेले दिसत होते.

“काकूंनी सांगितलं तुम्ही इथे आहात म्हणून,” ती म्हणाली. “वकिलाकडे गेलात तेही कळलं. इथे काय लपतं, काका.”

“मग काय करायला हवं होतं मी?”

“काही नाही. बरोबरच केलंत.” ती खुर्चीच्या कडेवर बसली. “मी सगळं वाचून काढलं. काउन्सिलच्या साइटवरून. चौतीसच्या खाली असलं तरच नापास असतं. मला कुठे माहीत? तुम्ही चौतीस म्हणालात आणि माझ्या डोक्यात पस्तीस. तुम्हीपण तसंच म्हणाला होतात ना, दांडी उडाली म्हणून. त्या दिवशी हललं तेव्हा मी एकटी होते आत, बावीस पोरं टेबलांखाली. मला फक्त भिंत दिसत होती. तुम्हाला फोन करायला हवा होता आधी. नाही केला. का नाही केला माहीत नाही. घाबरले होते.” तिने पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवला आणि खाली घेतला. “काका, त्या वेळी काकूंनी पोहे दिले नसते तर मी परतच गेले असते. आणि मी तुमचं नाव बुडवलं.”

महिनाभर विश्वनाथांनी ज्याची वाट पाहिली ते हेच होतं. वकिलाच्या कागदावाचून, आपणहून. त्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. राग असा एका क्षणात विरघळून जातो हे किती बरं आहे, असंही त्यांना वाटलं.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “समजून आलं ना तुला, झालं.”

“झालं कसं? मी आत्ताच लिहिते, तुमच्यासमोर.” तिने फोन काढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागली. “‘सर्वांना नमस्कार. हॉलबद्दल मी जे लिहिलं होतं ते खोटं होतं. हॉल तपासणीत पास झालेला आहे. माझ्या चुकीमुळे काकांना त्रास झाला त्याबद्दल मी त्यांची माफी मागते.’ चालेल?”

“चालेल,” विश्वनाथ म्हणाले. त्यांना आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

“पण नुसतं लिहून लोकांचा विश्वास बसत नाही, काका. मी ओळखते ना सगळ्यांना. त्यांना दिसायला पाहिजे. उद्यापासून मी बाराखडीचा वर्ग इथेच घेते. निदान पाच-सहा जणी तरी माझ्या शब्दाखातर मुलांना पाठवतील. आणि सलोनीला बसवते पहिल्या रांगेत, त्याच भिंतीला टेकून. आत्ता फोटो काढून मेसेजबरोबर टाकते. स्वतःच्या मुलीला बसवलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार आहे? सलोनी, जा गं, तिकडे भिंतीशी उभी राहा. हस छान.”

सलोनी धावत मोठ्या हॉलमध्ये गेली. तिच्या जांडल्सचा फटफट आवाज छपरापर्यंत गेला. “इट्स सो एकोई!” ती ओरडली, आणि आपलाच आवाज परत आलेला ऐकून खिदळली. भिंतीला पाठ लावून ती ताठ उभी राहिली, हात मागे, बरोबर मधोमध, जिथे वर छप्पर टेकतं तिथे खाली. निवेदिता दारात उभी राहून फोन आडवा धरत होती. विश्वनाथांना एवढंच कळत होतं की आता काही बोलायचं नाही. थोडा वेळ गप्प राहायचं, फोटो निघेल, मेसेज जाईल, सोमवार येईल. सगळं खरं करून घेता येईल, नंतर.

“बाहेर ये!” ते म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडलेच. “सलोनी, तिथून आधी बाहेर ये!”

मुलीचं हसू जागच्या जागी थांबलं. ती आईकडे पाहू लागली. निवेदिताने फोन खाली घेतला.

“काय झालं काका? हललं का?”

“नाही.”

“मग?”

“तिथे नको उभी करूस तिला.” त्यांनी दाराची चौकट धरली. खरं तर एवढं बोलून थांबता आलं असतं. पण बोलणं आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. “मी ईशाला बसवत नाही तिथे. रिपोर्ट आला त्या दिवसापासून एकदाही नाही. तिला मी इथे पुढे बसवायचो, माझ्याजवळ.”

सलोनी धावत आली आणि आईच्या कमरेला बिलगली. निवेदिताने तिच्या केसांवर हात ठेवला. फोनवर तो मेसेज अजून तसाच उघडा होता, अजून न पाठवलेला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, ती विश्वनाथांकडेच पाहत होती.

“आणि आमची मुलं, काका?”